दिल्लीची सीट

सालवडचा आमचा टमटमवाला आठ सीट भरल्याशिवाय गाडी हलवत नाही. आई गेली त्या सकाळी धाकटा भाऊ दिल्लीहून विमानाने निघत होता. त्याला आईचं तोंड दिसावं म्हणून आम्ही थांबलो होतो.

"साडेअकराशे किलोमीटर, सव्वादोन तास," मी फोनमध्ये पाहून म्हणालो.

टमटमवाल्याने बोटांवर मोजलं. "मास्तर, तो नुसता उडायचा टाइम. सीट भरायला दोन तास धरा. विमान मोठं हाय."

मी हसू दाबलं.

उन्हं कलताना बोईसर स्टेशनहून टमटम आली. आत एकटा भाऊ.

"सरा, सरा! दिल्लीची सीट आली!" टमटमवाला अंगणात ओरडला. रडता रडता मावशी हसली. भावाने आईचं तोंड पाहिलं आणि मग आम्ही तिला उचललं.