भागीरथा वयनीचा पाम

भागीरथा माही मोठी वयनी अन् दिपाली लहानी. मी दोघींची नणंद, भिंतीले भिंत लागून राह्यते. मोठीच्या पोटात दुखायले लागलं का मले इकडं समजते.

सेवाग्राम रोडले दिपालीची नर्सरी आहे. तिनं एकदा कुठूनसं थॅच पामचं बी आणलं. हातपंख्यासारखं गोल पान. त्याच्या मुलखात म्हणे लोक त्यानं घरं शाकारतात, आपल्या इथी शोभेले दारात ठेवतात. झाड बाई इतकं सुस्त, का उगवायलेच महिने लागले! भागीरथाची आकांक्षा तवा शाळेत जाये. शाळेतून आली का दप्तर फेकून सरळ काकूच्या रोपाजवळ. अन् इकडं भागीरथा ताट वाढून दारात उभी.

"पोरगी माही, अन् जीव पाहा कोनावर!" मले म्हणे.

मंग तिनंबी दिपालीजवळून एक रोप मागून आणलं. मागून कसलं, हिसकूनच. मुरूम टाकला, पाणी बेतानं देलं, नवऱ्याले वाढलं नसन एवढ्या मायेनं वाढवलं. आकांक्षा कॉलेजले गेली तवा कुठं झाड कमरेले लागलं. दिसायले दिपालीच्या झाडाइतकंच देखणं. पण पोरीच्या तोंडी आपलं काकू अन् काकू.

औंदा आकांक्षाचं लग्न जमलं, पुलगावच्या अंकितसंग. पोरगी म्हणते, "स्टेजच्या दोन्ही बाजूनं काकूचे पाम पाह्यजेत."

भागीरथा उठून सरळ आपल्या पामजवळ गेली. मले तवाच धाकधूक झाली. तिचं माहेर शेतीवालं, तुरीचे शेंडे खुडत लहानाची मोठी झाली. तुरीचा शेंडा खुडला का फुटवे येतात, झाड दाट होते. बस्स, तेच डोक्यात घेतलं. पामचा शेंडा चिमटीत येईना, तं विळ्याचं टोक खाली घातलं अन् गाभ्यासकट उपटला.

"लग्नापावतर दाट होते का नाई पाह्य," मले म्हणते. "मंग पाह्यते कोनाचा ठेवते ते."

दिपालीनं पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. "काय केलं वो जाऊबाई! याले एकच कोंब राह्यते. तो गेला का झाड गेलं."

"हिरवंगार तं आहे!"

"जुनी पानं टिकतात लय दिवस. नवं येत नाई."

"तुले माहं झाड मेलेलंच पाह्यजे!" भागीरथा कडाडली. पण मंग रोज सकाळी चहाच्या आधी झाडाच्या मधात वाकून पाहे. मी विचारलं तं म्हणे, मुंग्या पाहून राह्यली. मुंग्या! लग्न जवळ आलं, पण मधात काईच फुटलं नाई.

लग्नाच्या दिवशी आकांक्षाले काय वाटलं कोनास ठाऊक. म्हणते, "एका बाजूनं काकूचा ठेवा, एका बाजूनं आईचा." आईचा पाम काय दिसत होता सांगू! पानं सारखी पसरलेली, धुऊन पुसून चकचकीत. पाहुणे काकूचा सोडून आईच्याच पामजवळ फोटो काढत होते. भागीरथा दिवसभर तिथून हलली नाई, तोंडावर नुसतं हसू. दिपालीनं कोनाजवळ तोंड उघडलं नाई. मी असती तं सांगून मोकळी झाली असती.

पोरगी निघाली. गाडीजवळ आईच्या गळ्यात पडून रडली, अन् डोळे पुसत म्हणते, "आई, तुहा पाम नेते मी. तिथी दारात ठेवते. रोज पाह्यते."

इतक्या वर्षांत भागीरथाले दुसरं पाह्यजे काय होतं? तिनं दिपालीकडं पाह्यलं. दिपालीनं मान खाली घातली, पदराचं टोक बोटाले गुंडाळत राह्यली. आता नेऊ देते का काय ही मोठी, मी म्हटलं.

"तो नको नेऊ पोरी," भागीरथा म्हणाली. "काकूचा ने."

"काऊन? मले द्यायचा नाई?"

"मेला तो. म्याच मारला."

भागीरथा स्टेजजवळ गेली, दिपालीची कुंडी एकटीनं उचलली, कोनाले हात लावू देला नाई. गाडीत ठेवली, अन् खिडकीत वाकली.

"पाणी कमी घालजो. अन् सासरी कोनी विचारलं तं..." तिनं कुंडीतलं एक पान सरळ केलं. "आईनं देला म्हणून सांगजो."

दिपाली मागंच उभी होती. "हो, तसंच सांगजो," ती म्हणाली.