शेवटची ओळ

नात नखांना लाल रंग लावायला बसली, की त्या वासासरशी मी कानडी मुलखात, मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत जाऊन पोचते. साठच्या दशकातले गणपतीचे दिवस होते. छापखाना परवडत नसे, म्हणून आमचा वार्षिक अंक स्टेन्सिलवरून शाईने प्रती काढणाऱ्या सायक्लोस्टाइल यंत्रावर निघायचा. स्टेन्सिलच्या मेणकागदावर टाइप करताना चूक झाली, की तिच्यावर अस्साच वास येणारं लाल औषध फासायचं आणि वाळल्यावर वरून दुरुस्ती करायची. शेजारच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम रंगात आली होती आणि मी सहज माझ्या कथेचा स्टेन्सिल वाचायला घेतला. नवऱ्याचा डबा भरून दिल्यावर एकटीच मॅटिनीला जाणाऱ्या बाईची ती कथा. स्टेन्सिलवर मात्र बाई थिएटरच्या दारातूनच परत फिरून स्वयंपाकाला लागली होती. "हे कुणी केलं?" मी विचारलं. मंडळाचे चिटणीस हसले. "मीच बदलायला सांगितलं. घरोघरी वाचतात हो अंक. स्वल्प सांभाळून घ्या, वहिनी," ते थोडं कानडी मिसळून म्हणाले. मी त्यांच्यासमोरच ब्रश उचलला आणि त्यांच्या वाक्यावर लाल औषध फासलं. "अहो, टाइपिस्ट घरी गेला!" ते ओरडले. "जाऊ दे," मी म्हटलं आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मग चित्रं काढायची टोकदार लेखणी घेऊन माझी ओळ माझ्या हाताने कोरली. त्या अंकाच्या प्रत्येक प्रतीत सगळी कथा टाइपात आहे आणि शेवटी माझं तिरकं अक्षर: 'दिवे मालवले आणि ती ऐसपैस बसली.' पुढे माझी पुस्तकं रीतसर छापून आली. शेवट बदला म्हणणारेही पुष्कळ भेटले. त्यांच्यापुढे मी तो अंक ठेवते.