भेटायला आलेली माणसं

धाकट्या भावाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आमच्या सोप्यात माणसं मावत नव्हती. आमच्या विटा-कडेगावच्या पट्ट्यात आजारी माणसाला भेटायला जावंच लागतं. कोण आलं नाही, हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. येणारा बिस्किटाचा पुडा पलंगाशेजारी ठेवतो, चहा घेतो आणि विचारतो, "काय झालं हुतं?"

उत्तर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आधीच ठरवून ठेवलं होतं. चुकून झालं. भावाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आबांनी दवाखान्यात डॉक्टरांना 'चुकून झालं' असं सांगितलं, पोलिसांनाही तेच सांगितलं. ते लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या ताठ पाठीकडे बघून परकी माणसंही पुढचा प्रश्न विचारत नाहीत. डॉक्टरांनी शरीर बरं केलं आणि घरी सोडलं. जे चुकून झालं, त्यासाठी मनाच्या डॉक्टरला कोण बोलावणार?

भाऊ दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळायच्या दुकानात होता. आमच्याकडची पुष्कळ माणसं याच धंद्यात आहेत. दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. झोप येत नाही, कशातच जीव रमत नाही, असं सांगायचा. सगळे म्हणत, गावची हवा लागली की होईल बरा.

"अंधारात दिसलं न्हाई, चुकून झालं," आबा प्रत्येकाला सांगत, आणि मग पलंगाकडे वळून म्हणत, "सांग की रं."

"चुकून झालं," भाऊ म्हणे.

"चष्मा घे गड्या, चष्मा!" एक भावकीतला म्हणाला. "न्हाईतर पुढच्या खेपंला दुसऱ्याच्या घरात शिरशील चुकून."

सोपा हसला. भाऊही हसला. स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको हे बघत होती. माणसं पांगल्यावर मला म्हणाली, "आवं, त्यो हसतोय ते बघवत न्हाई मला. कायतरी करा."

दुसऱ्या दिवशी गोठ्यात तो एकटा सापडला. मी सरळच विचारलं, "परत तसं वाटतंय का?" असं विचारलं की माणसाच्या मनात नसलेलं भरतं, असं मलाही वाटायचं. ते खोटं आहे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाटतंय दादा. रोज न्हाई. पर वाटतंय." आणि थोड्या वेळाने, "लय वेळा सांगितलं की मलाच खरं वाटाय लागंल असं वाटलं हुतं. चुकून झालं म्हणून. न्हाई वाटत."

घरात जे जे धोक्याचं वाटलं, ते मी त्याच दिवशी बाहेर हलवलं. सरकारी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, त्याला एकटं ठेवू नका म्हणाली आणि मनाचे डॉक्टर कुठे, कोणत्या वारी येतात ते सांगितलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, आठवड्यातून एकदा. नेमका बाजाराचा वार. ज्याने ही सोय केली त्याला बाजार ठाऊक नसावा. त्या दिवशी अख्खा तालुका रस्त्यावर असतो आणि मनोविकार विभागाचा बाक बाहेरच्या व्हरांड्यात, मोठ्या पाटीखाली आहे. भाऊ टॉवेल डोक्यावरून ओढून बसला. आबा हट्टाने बरोबर आले होते, ते दूर नोटीसबोर्ड वाचत उभे राहिले.

आत डॉक्टरांनी विचारायच्या आधीच आबा म्हणाले, "मागं जरा चुकून झालं हुतं. आता झोप तेवढी लागत न्हाई." डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. मागे रांग होती. ते झोपेची गोळी लिहायला लागले.

"चुकून न्हाई झालं, डॉक्टर," भाऊ म्हणाला.

आबा उठून बाहेर गेले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मग नीट विचारपूस केली, नीट औषध दिलं. शेजारी समुपदेशनाची खोली आहे. दारावर पाटी आहे, दाराला कुलूप आहे. "पद रिकामं आहे," डॉक्टर म्हणाले. हे सांगताना ते ओशाळले, त्यामुळे मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. दिलेल्या दोन औषधांपैकी एक तिथे बहुतेक वेळा नसतंच. ते आम्ही बाहेरून आणतो.

त्या वेळी माझ्या मुलीसाठी कराडकडचं स्थळ आलं. पाहुणे यायच्या आधी आबांनी बजावलं, "आज जिभा आवरा." पोहे झाले. मुलाच्या मामाने सहज विचारलं, "धाकटं आजारी हुतं म्हणं?"

आबांनी तोंड उघडलं, पण भाऊ आधी बोलला. "जीव द्याय निघालो हुतो. आता औषध चालू हाय. फरक हाय."

पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले. कळवलं नाही. आबा भावाला म्हणाले, "पोरीचं वाटोळं केलंस." मुलगी आतून बाहेर आली. "आजोबा, आज गेले ते बरं झालं. लग्नानंतर मला कधी असं झालं असतं, तर त्यांनी काय केलं असतं?"

पाहुण्यांकडून बातमी आठवड्याच्या आत गावात आली. तेव्हापासून आमच्याकडे भेटायला कोणी येत नाही. चुकून मरता मरता वाचलेल्याला बघायला अख्खं गाव आलं होतं, बिस्किटं जनावरांना घालायची वेळ आली होती. आता तो खरा आजारी आहे, औषधाने काही दिवस बरे जातात, काही फार वाईट जातात, आणि एकही पुडा येत नाही. चष्म्याचा विनोद करणारा तर समोरून आला की रस्ता बदलतो.

बाजाराच्या वारी आम्ही जातो. आबाही येतात, पण दवाखान्याच्या फाटकापर्यंतच. समोरच्या चहाच्या टपरीवर बसतात. कोणी ओळखीचं भेटलं की म्हणतात, "बाजाराला आलोय." फाटकातून त्यांना तो बाक दिसतो. भाऊ तिथे पाटीखाली, डोक्यावर काही न घेता, नंबर येईपर्यंत बसलेला असतो.