कुसुमचा आरसा

ताई गेल्याचा फोन तिच्या शेजारच्या काकूंनी केला, तेव्हा मी लाखांदूरच्या बस स्टँडवर उभा होतो, तिच्याचकडे जायला. आज महिना होत आला. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्या भंडाऱ्याच्या घराबद्दल लिहावं लागणार, आणि घराबद्दल लिहायचं तर अकरा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट सांगावी लागणार...

ताई विज्ञानाची शिक्षिका. लग्न केलं नाही, लाखांदूरला आमच्याचकडे राहायची. वर्गात ती उत्तर कधी सांगत नसे. पोरगं चुकलं की चष्म्यावरून बघायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. भंडाऱ्याला बदली झाली तेव्हा एसटीनं दोन तास जाणं, दोन तास येणं सुरू झालं. आल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तीच करायची. मी आणि माझी बायको दोघंही नोकरीवर. ताई घरात असणं आम्हाला सोयीचं होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एका संध्याकाळी ती चप्पल न काढताच म्हणाली, "बाबू, मी घर पाहून आली. साठ वर्षं जुनं, पण काय घर आहे बाप्पा! दर्शनी भिंतीले जहाजासारखी गोल खिडकी. कोपरे सगळे गोल. काहून केले असतील रे गोल?" कुणा इंजिनिअरनं हौसेनं बांधलेलं ते घर. गुळगुळीत लाल जमीन, सिमेंटच्या जाळ्या, विजेची काळी गोल बटणं, दारांना भंडाऱ्याच्याच पितळेच्या मुठी. ती सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची खाट येत होती. मी पटकन बोलून गेलो, "त्या घरात सुनेनं जीव देल्ला म्हणते. म्हणूनच विकून राहिले."

वाटलं, घाबरेल. ती चप्पल काढत म्हणाली, "कोणत्या खोलीत रे?"

"गोल खिडकीच्या."

"नाव काय होतं तिचं?"

"कुसुम," मी म्हणालो. तोंडात आलं ते.

तिनं घर घेतलं. आणि जाताना आईलाही घेऊन गेली. मी ज्यासाठी खोटं बोललो, ते कारणच ती सोबत घेऊन गेली. आईची खाट तिनं त्याच गोल खिडकीच्या खोलीत टाकली. शेवटची दोन वर्षं आईनं त्या खिडकीतून रस्ता बघत काढली.

घर सजवण्याची तिची रीतही शिक्षिकेचीच होती. आधी खुणा वाचायच्या. लाल जमिनीवर चार फिकट ठिपके दिसले, की तिथे टेबल असणार. मग त्या मापाचं टेबल मिळेपर्यंत जुन्या सामानाची दुकानं हिंडायची. तिरप्या, निमुळत्या पायांच्या दोन खुर्च्या तिनं एका लाकडाच्या टालीतून, सरपणात जाता जाता उचलून आणल्या. मी चिडवायचो, "ताई, नवीन सोफा घे ना!" ती म्हणायची, "या घराले तो ओळखीचा नाही वाटणार." गोल खिडकीच्या खोलीत भिंतीवर एक खिळा होता, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. "कुसुम बुटकी असेल बिचारी," म्हणत ताईनं त्या खिळ्याला आरसा अडकवला. आम्ही भावंडं उंच. स्वतः वाकून वेणी घालायची, पण खिळा बदलला नाही.

मी गेलो की चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला. "कुसुमचं माहेर कुठलं रे?" मी म्हणालो, सिहोऱ्याचं. "तिले चहा कसा लागे?" गुळाचा. "गाणं येत होतं का तिले?" थोडंफार. अकरा वर्षं मी त्या बाईला असं वाढवत नेलं. ताई चष्म्यावरून बघायची, ऐकून घ्यायची, चहात बिस्कीट बुडवायची. शेवटच्या भेटीत, खोकला आवरत तिनं विचारलं, "कुसुमचं आणखी काही सांगाचं राहिलं काय, बाबू?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "बरं. चहा थंडा होऊन राहिला."

दहाव्यानंतर मी सामान आवरायला गेलो. शेजारच्या काकू दारात बसल्या होत्या. त्या या घरात इंजिनिअरच्या वेळेपासून येत-जात. न राहवून मी कुसुमबद्दल विचारलं.

"अवो भाऊ, कोन कुसुम? इंजिनिअरसाहेबांले दोन पोरीच. या घरात सून आलीच नाही, तं मरन कुठून? तो खिळा धाकट्या पोरीच्या दप्तराचा. तुमच्या ताईले मीच सांगतलं, पहिल्या दिवाळीले."

"मग ताई काय म्हणाली?"

"हासली खूप. म्हणे, काकू, माह्या भावाले नोका सांगू. तो सांगते का नाही, ते पाह्याचं आहे मले."

अकरा वर्षं... तिचे प्रश्न माझ्याबद्दलच होते, आणि मला वाटत होतं ती कुसुमबद्दल विचारते आहे.

घर आम्ही विकलं नाही. खुर्च्या तशाच ठेवल्या आहेत, टेबलही त्याच चार ठिपक्यांवर. परवा बायकोनं विचारलं, आरसा काढून वर लावायचा का? नको म्हटलं. तो दप्तराच्या खिळ्यावरच आहे. मान खाली घातल्याशिवाय त्यात माझं तोंड दिसत नाही.