दूध तुमचं, विरजण माझं

अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट करायची, ती हवेत झटकायची आणि म्हणायचं, "दूध तुमचं, विरजण माझं." आमच्या साहेबांनी नोकरीभर एवढंच काम मनापासून केलं. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, म्हणून सांगतो.

हैदराबादच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक स्फटिक बनवायचो. त्यात एर्बियमसारखं दुर्मिळ मूलद्रव्य किंचित मिसळलं, की ते न दिसणारा अवरक्त प्रकाश गिळतात आणि हिरवा उजेड देतात. दोन अशक्त किरण मिळून एक दणकट किरण होतो. हे किंचित मिसळणं म्हणजे साहेबांचं विरजण. त्यांची चिमूट मात्र हवेतच राहिली. तापत्या चंबूपाशी घाम गाळायची सरिता.

सरिता सिकंदराबादची, त्यांच्याकडे पीएचडी करणारी. स्फटिक जमवता जमवता तिचं वय उलटत चाललं होतं. शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं आल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता. साहेब म्हणाले, "बेटा, दही कुणामुळे लागतं? विरजणामुळे." साहेबांचा मूर्खपणा नेहमी असा म्हणीचा सदरा घालून यायचा, आणि लोक माना डोलवायचे.

साहेबांचं घराणं तीन पिढ्या हैदराबादच्याच नल्लकुंट्यात. तरी तेलुगूचं एक अक्षर ओळखायचे नाहीत, आणि वर त्याची ऐट. "त्या जिलब्या कोण वाचणार?" म्हणायचे.

त्या विरजणाची थट्टा म्हणून सरितानं दोन कुप्यांवर तेलुगूत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नुसत्या स्फटिकांच्या कुपीवर 'पालु', म्हणजे दूध. एर्बियम घातलेल्यांच्या कुपीवर 'पेरुगु', म्हणजे दही. आतलं दुधट पाणी दोन्हींत सारखंच.

दिल्लीहून पाहणी करायला पाहुणे आले, तेव्हा साहेबांनी सरिताला बिस्किटं आणायला पिटाळलं आणि कुपी स्वतः उचलली. दिवे मालवले, लेझर सोडला. काळोखच. "पोरीनं कच्चं ठेवलंय," साहेब म्हणाले. पाहुण्यांत एक गुंटूरकडचे तेलुगू गृहस्थ होते. त्यांनी दिवा लावून कुपी फिरवून पाहिली. "पालु? अहो, हे तर दूध. दही कुठाय?"

तेवढ्यात सरिता आली. बिस्किटांचा पुडा ठेवून तिनं दुसरी कुपी लेझरपुढे धरली. हिरवागार उजेड पडला. "हे कुणी केलं?" गृहस्थांनी विचारलं. साहेबांची चिमूट तयारच होती. "विरजण माझं." लाज नावाची चीज त्या माणसानं कधी वापरलीच नाही.

निबंध छापून आला. पहिलं नाव साहेबांचं. दुसरं त्यांच्या मेहुण्याचं, जो आमच्याकडे फक्त जेवायच्या वेळी दिसायचा. तिसरं सरिताचं. तिनं प्रबंध सोडला आणि शाळेत शिकवायला लागली. मला त्या माणसाची तेव्हा जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

साहेब निवृत्त झाले, तेव्हा भेट काय द्यावी म्हणून मी सरितालाच फोन केला. ती म्हणाली, "पालुइच देव सर कू. पढना तो आता नै." आम्ही ती दुधाची कुपी, हिरव्या उजेडाची म्हणून, मखमली डबीत घालून दिली. साहेबांचे डोळे पाणावले. आम्ही टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

गेल्या हिवाळ्यात साहेब वारले. महिन्याभरानं मी त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, भेटायला घरी गेलो. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कुपी मधोमध होती, शेजारी कोठीच्या बाजारातून आणलेला छोटा लेझर.

"दर रविवारी पडदे ओढून बघत बसायचे," काकू म्हणाल्या. "उजेड दिसत नाही म्हणून मोतीबिंदू काढून घेतला. तरी दिसेना, तर म्हणाले, डॉक्टरनं डोळा बिघडवला."

डोळ्यावर शंका घेतली, डॉक्टरवर घेतली. विरजणावर शंका घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण पडदे ओढून बसलेला तो म्हातारा डोळ्यांपुढे आला.

"त्यावर पालु लिहिलंय ना?" काकूंनी विचारलं. "रोज दुधाच्या पिशवीवर तेच असतं, म्हणून मला कळलं."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी कुठं विचारलं?" म्हणाल्या, आणि चहाला दूध तापवायला आत गेल्या.