होरसच्या दगडावरचं पाणी

माझी आत्या तामिन इजिप्तमधल्या कोप्तोसजवळच्या आमच्या गावात होरसच्या दगडाची राखण करायची. मगरींवर उभा बाळदेव होरस, मुठींत साप नि विंचू, आणि दगडभर बारीक कोरलेले मंत्र. कुणाला विंचू चावला की आत्या त्यावरून पाणी ओतायची आणि मंत्रांचं बळ घेऊन खालच्या खळग्यात साठलेलं ते पाणी त्याला पाजायची. एखादं अक्षर कोरडं राहील, याची तिला भारी धास्ती.

माझा थोरला भाऊ पाबेख विंचू चावल्यावर ते पाणी पिऊनही गेला. तेव्हापासून आईनं आत्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आत्याचंही अन्न तुटलं. "कुठलं अक्षर राहिलं रे माझ्याकडून?" असं ती दगडालाच विचारत बसते, असं शेजारणी सांगायच्या.

पुढे जवस उपटताना पेंढीखालच्या विंचवानं मला डंख मारला. आईनं मला खांद्यावर टाकलं आणि धावत आत्याचं घर गाठलं. मला बघून आत्या उठली, पण घागर काही उचलेना.

"वन्सं, उभ्या काय राहिलात? ओता की!"

"वहिनी, हात बघ माझे कसे कापतायत. पुजाऱ्याला बोलावू या."

"तो येईस्तोवर पोर राहील का? मी धरते एका बाजूनं. ओता तुम्ही!"

दोघींनी मिळून पाणी ओतलं. मोकळ्या हाताचं बोट ओळींवरून फिरवत आई म्हणत होती, "इथं. अजून इथं." वाचता दोघींनाही येत नव्हतं.

मी पाणी प्यायले. जीभ जड झाली, अंग घामानं निथळलं, छत हलायला लागलं. आत्या माझ्या छातीला कान लावून बसली. आई दाराकडे तोंड करून. भिंतीवरचं ऊन उतरलं, तेव्हा कुठे मी भाकरी मागितली.

आत्याला रडू फुटलं. आई मात्र ओल्या दगडाकडे बघत राहिली.

"म्हणजे वाचवता येतं तर या देवाला," ती म्हणाली. "मग माझा पाबेखच काय जड झाला होता?"

आत्यानं माझ्यासाठी आणलेल्या भाकरीतला अर्धा तुकडा आईपुढे ठेवला. आईनं तो खाल्ला नाही, पण परतही केला नाही.

त्यानंतर कुणाला विंचू चावला की आत्या आधी आईला हाक मारायची. आई जायची, घागर धरायची, कोरडी जागा दाखवायची, पण दगडापुढे डोकं कधी टेकवलं नाही तिनं. काही माणसं वाचली, काही गेली. आत्याचे हात मरेपर्यंत कापत राहिले.