फिदा आणि फिदाइया

रीमचा मेसेज आला तेव्हा मी अल सद्दच्या मेट्रो स्टेशनबाहेर टॅक्सीची वाट बघत उभी होते. सप्टेंबरची सकाळ, हवा इतकी दमट की चष्म्याच्या काचा पुसल्या पुसल्या परत धुरकट व्हायच्या. समोरच्या इमारतीवर कुणा फुटबॉलपटूचं आठ-दहा मजली चित्र चढवणं चाललं होतं. 'आंटी, तेता इज गॉन.' एवढंच. तेता म्हणजे आजी. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं... आणि माझ्या मनात काय यावं, तर माझा मोरपिशी ब्लाउज त्यांच्याकडेच राहिला. मग त्या विचाराची इतकी लाज वाटली की मी तिथेच कट्ट्यावर बसले आणि रडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, बाईला उन्हाचा त्रास झाला. एकाने पाण्याची बाटली आणून दिली. मी शुक्रन म्हटलं आणि पाणी पिऊन घरी आले.

त्याला आता सहा आठवडे झाले. वर्ल्डकप तोंडावर आलाय, गल्लीगल्लीत माळांवर झेंडे फडफडतायत, आणि उम्म खालेद नाहीत.

उम्म खालेद म्हणजे खालेदची आई. खरं नाव सलमा, पण त्या नावाने हाक मारणारं दोह्यात कुणी उरलं नव्हतं. त्या पॅलेस्टिनी. जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीतला. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि तो गेल्यावर मुला-सुनेपाशी राहिल्या. फरीज बिन ओमरानमध्ये आमच्याच इमारतीत, एक मजला खाली. मी नाशिकची. नवऱ्याला गॅस कंपनीत नोकरी लागली आणि वर्ल्डकप कतारला मिळाल्याच्या बातमीपाठोपाठ आम्हीही इथे येऊन थडकलो. पहिल्याच गणपतीत कळलं की पैठणीवरचा ब्लाउज अंगात शिरत नाही. इमारतीतल्या कुणीतरी खालचं दार दाखवलं.

दार उघडलं ते तोंडात चार टाचण्या धरलेल्या बाईने. साठीच्या आसपासची, गोरी, रुंद हाडाची, डोळे मात्र नुकतीच झोपेतून उठल्यासारखे. मी ब्लाउज पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि टाचण्या न काढताच विचारलं, "बाकीचा कुठे आहे?" पोट झाकायला कापडच नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण तिसऱ्या खेपेला असा बेतला की नाशिकच्या माझ्या शिंप्याने हात जोडावेत. गिऱ्हाइकाच्या मापाने कापलेला कागद, पेपर कटिंग, त्या पाकिटात घालून ठेवत आणि वर नाव लिहीत. अरबीत 'प' नाही, म्हणून माझ्या पाकिटावर पल्लवीची 'बल्लवी' झाली. ती झाली ती कायमची.

आमची भाषा म्हणजे खिचडी. त्यांचं तुटकं इंग्रजी, माझं मोडकं अरबी, दोघींना येणारे दहा-वीस हिंदी शब्द, बाकी हातवारे. दुपारी खालेद आणि सून कामावर, नात रीम शाळेत. एसीची घरघर, मशीनची थांबत थांबत होणारी खडखड, पडद्यातून गाळून येणारा पिवळा उजेड... त्या खोलीत वेळ पुढे सरकतच नसे. बाहेर अख्खं शहर खणून काढत होते, मेट्रो, रस्ते, स्टेडियम. आत उम्म खालेद उसवत होत्या आणि शिवत होत्या. मी पायावर पाय टाकून बडबडत असे.

अशाच एका दुपारी मी विचारलं, तुमचा प्रेमविवाह की ठरवून? त्या म्हणाल्या, "लग्न आईने ठरवलं." मग खिडकीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्याआधी मी फिदाइया होते. एकोणीस वर्षांची."

मी कान टवकारले. फिदा! आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल फिदा म्हणजे काय ते. मी पुढे सरकून विचारलं, "कुणासाठी?"

त्या हसल्या. "ज्याला कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्यासाठी."

झालं! मी घरी येऊन नवऱ्याला रंगवून सांगितलं. खालच्या काकू एकोणिसाव्या वर्षी न पाहिलेल्या माणसावर फिदा, बहुतेक पत्रांतून जमलं असेल, घरच्यांनी मोडलं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितलं. बायकांनी हळहळ व्यक्त केली. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे त्या नजरेने बघत होते आणि त्या गप्प झाल्या की मला वाटे, आठवण आली असणार. तशी ती येतही होती म्हणा.

रीम माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. यंदा मे महिन्यात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, वर्ल्डकपसाठी स्वयंसेवक म्हणून तिची निवड झाली. उम्म खालेदनी बिल्डिंगभर कुनाफा, त्यांची पाकातली मिठाई, वाटला. माझी मुलगी सई आणि रीम सोफ्यावर बसून इंग्रजीत खिदळत होत्या. मला चेष्टेची लहर आली. रीमचा गालगुच्चा घेऊन म्हटलं, "आता देशोदेशीची पोरं येतील. सांभाळ हं! तुझी तेताही तुझ्या वयाची असताना फिदाइया होती."

रीमचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने आजीकडे पाहिलं. उम्म खालेदच्या हातातलं ताट किंचित कललं, पाक टेबलावर सांडला. त्या पुसायला वाकल्या आणि बराच वेळ तेच टेबल पुसत राहिल्या. मला वाटलं, नातीसमोर जुनं प्रकरण काढलं म्हणून लाजल्या.

आठवड्याने सईने मला फोनवर एक जुना फोटो दाखवला. छावणीतली भिंत, डोक्याला चौकड्यांचा रुमाल बांधलेली तरुणी, हातात बंदूक, आणि चेहऱ्यावर मी रोज बघत होते तेच हसू. "मम्मा, रीमने हा नेटवर शोधून प्रोफाइलला लावलाय. इट्स हर ग्रॅनी. शी वॉज अ फायटर." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फिदाइया म्हणजे प्राण ओवाळून टाकायला निघालेली, लढणारी बाई. मूळ शब्द तोच. आमच्याकडे येईपर्यंत त्याची धार जाऊन तो नुसता गुलाबी झाला होता.

आणि रीम... रीम पार बदलली. स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगला जाणं बंद. दिवसभर खोलीत, कानात हेडफोन, स्क्रीनवर हुतात्मा झालेल्या बायकांचे व्हिडिओ. सई सांगायची, ती कुणाकुणाशी चॅट करते, म्हणते पुढचं सेमिस्टर संपलं की छावणीत जाणार, तेताने अर्धवट सोडलं ते पूर्ण करणार. ही आग मी लावली होती, तीही गंमत म्हणून. तीन आठवडे मी खालच्या मजल्यावर पाऊल टाकलं नाही. लिफ्टमध्ये भेट होईल या धास्तीने जिन्याने ये-जा करत होते.

शेवटी त्यांचाच फोन आला. "बल्लवी, तुझं माप बदललंय. ये."

मी गेले ती रडतच गेले. माफी मागता मागता फिदा शब्दाचा अर्थ सांगितला, माझी पत्रांतली प्रेमकथा सांगितली, हळदीकुंकूसुद्धा सांगितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुमच्याकडे फिदा झालेला माणूस मरत नाही?"

"म्हणतो मरेन म्हणून. मग घरी जेवायला येतो."

"चांगली भाषा आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

मग त्यांनी पेटीतून एक जाड, पिवळट, घडी पडलेला कागद काढला. माझं जुनं कटिंग फाटलं होतं म्हणे, आणि मी सुटलेही होते. कोरी बाजू वर करून त्या टेबलावर कागद पसरत होत्या, मधूनच कोपरा उचलून खाली बघत होत्या, परत खडूने रेघ ओढत होत्या. एरवी दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या दिवशी त्यांनी तासभर लावला. कात्री चालवता चालवता बोलत राहिल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

"मी गणवेश शिवायचे. तिथेच शिकले हे काम. शिवणीत चिठ्ठ्या लपवून न्यायचे. बंदूक चालवायला शिकले, पण माणसावर कधी झाडली नाही. रीमला वाटतं आम्हाला कुणी फसवून नेलं नाही, आम्ही आपणहून गेलो. बरोबर आहे तिचं. आमचं गाव मी पाहिलंच नव्हतं, आई रोज त्याचीच गोष्ट सांगायची. आणि गणवेश शिवायचो त्या खोलीत पहिल्यांदा मला कुणी विचारलं, सलमा, तुला काय वाटतं? घरी कुणी विचारलं नव्हतं. मग एक फोटोवाला आला. ती बंदूक त्यानेच हातात दिली, रिकामी होती. वारा होता, रुमाल उडत होता. माझी धाकटी बहीण अमल मागे वाकून उभी राहिली आणि तिने रुमाल धरून ठेवला. ती सोळा वर्षांची होती. त्याचं पोस्टर झालं. छावणीभर लागलं. अमल रोज त्याच्यासमोर उभी राहायची... एका वर्षाने ती गेली. खरोखरची गेली. मग तिचं पोस्टर लागलं. हुतात्म्याची आई झाली म्हणून बायका आईचं अभिनंदन करायला आल्या, तोंडाने आनंदाचे हेल काढत होत्या. आईनेही काढला, सगळ्या बघत होत्या ना. त्यानंतर आई कधी मोठ्याने बोलली नाही. लढाई थंडावल्यावर आम्हा मुलींना सांगितलं, आता घरी जा, लग्न करा, मुलं जन्माला घाला, तीही लढाईच. आम्ही गेलो."

"मग रीमला हे सांगा ना!"

"सांगेन. इन्शाल्ला." त्यांनी कागदाचे कपटे गोळा केले, मुठीत चुरगाळले. "बल्लवी, जे गाव गेलं ते परत हवं असं मला आजही वाटतं. ते खोटं होतं असं मी तिला सांगू शकत नाही. आणि अमलचं नाव घेतलं तर रीमही अभिनंदनच करेल. ती भीती वाटते मला."

त्या कटिंगवर त्यांनी मोरपिशी ब्लाउज बेतायला घेतला. मी दर चार दिवसांनी विचारायचे, सांगितलं का? त्या टाचण्यांमागून म्हणायच्या, इन्शाल्ला. ऑगस्टमध्ये त्यांना दम लागायला लागला. सप्टेंबरमध्ये एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

परवा दुपारी रीम वर आली. काळा ड्रेस, चेहरा उतरलेला. हातात ब्लाउज, त्याला नुसती हुकं लावायची राहिली होती. आणि पाकीट. "तेताने सांगून ठेवलं होतं, हे बल्लवीच्याच हातात द्यायचं." तिने इंग्रजीतच सांगितलं, नाव तेवढं आजीसारखं उच्चारलं. मग म्हणाली की पुढच्या महिन्यात ती जाणार आहे. तिकडे तिची वाट बघणारे आहेत. मूळ पोस्टर मिळालं असतं तर सोबत नेलं असतं, पण तेता म्हणाली होती, ते खलास झालं.

मी पाकीट उघडलं. पाठ, दोन पुढचे भाग, बाही, तोच जाड पिवळट कागद. काढता काढता तुकडे निसटून टेबलावर उलटे पडले. उलट्या बाजूला चित्र होतं.

रीम ओरडलीच. भराभरा तुकडे जुळवायला लागली. जुळेनात. बाहीच्या मुंढ्याच्या उतारात बंदूक गेली होती, गळ्याच्या खोलीत ते हसू गेलं होतं. मोठ्या अक्षरांतली घोषणा कपट्यांत गेली होती. "तेताने कापलं! तिने हे कापलं!" ती मुठी आवळून म्हणत होती. पाठीचा तुकडा तेवढा पूर्ण होता. त्यावर चौकड्यांच्या रुमालाचं टोक होतं आणि कात्रीने वळसा घालून नीट वाचवलेली, खांद्याच्या बरोबर वर, चार लहान बोटं. रुमाल घट्ट धरलेली. फोनवरच्या फोटोत ती रुमालाच्या चुणीसारखी दिसत होती, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी.

रीमनेही ती आत्ताच पाहिली. तुकडा डोळ्यांजवळ नेला.

"आंटी, हा हात कुणाचा आहे?"

आयुष्यभर मी नको तिथे बोलत आले. आता हवं तिथे बोलायचं होतं. मी तो मोरपिशी ब्लाउज मांडीवर घेतला, रीमला शेजारी जागा करून दिली.

"अमलचा," मी म्हटलं. "बस, सांगते. आणि अभिनंदन करू नकोस."